कुंडलिकचे देणे

मी सरुबाई, भ्रतार कै. रामहरी शेलार, वय अदमासे अठ्ठावन, धंदा शेती व भाजीपाला, राहणार कन्हेरी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, आज माझ्या मिळकतीची व माझ्यामागच्या गोष्टींची व्यवस्था लिहवून ठेवते. मला अक्षर येत नाही, म्हणून दत्तोपंत लिहीत आहेत. ते वकिलाकडे कारकून होते. मी सांगेन तसेच लिहायचे, असे ठरले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पढवलेले नाही. पोटात गाठ आहे. डॉक्टर पुण्याला जा म्हणाले, मी जाणार नाही. हे माझ्या भावाला अजून ठाऊक नाही.

मला मूलबाळ नाही. कॅनॉलखालची तीन एकर जमीन नवऱ्यामागे माझ्या नावावर आली. गेल्या वर्षी नवा कायदा झाला आणि ती पुरती माझी झाली, असे दत्तोपंतांनी वाचून दाखवले. दीर झुंबर यांना ते पटलेले नाही. त्यांनी पटवून घ्यावे. विहिरीतला माझा निम्मा वाटा मी झुंबर यांना देते, कारण त्यांच्या उसाला पाणी कमी पडते. जमीन देत नाही. पाच वर्षांपूर्वी भर चावडीवर ते मला म्हणाले होते, "नवऱ्याचं शेत भावाच्या मोटारीखाली घातलंस." ते मी विसरलेले नाही. वाटा मात्र खुशीने देते.

ते का बोलले, हे इथे सांगावे लागते, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

माझा भाऊ कुंडलिक धोंडिबा खोमणे, राहणार लासुर्णे, आमच्या आबांच्या म्हणजे वडिलांच्या घरी. आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. माझे लग्न झाले तेव्हा त्याला बरोबर घेऊन सासरी आले. मालकांनी कधी नाक मुरडले नाही, खांद्यावर घेऊन शेतात न्यायचे. मोठा झाल्यावर तो मोटार चालवायला शिकला, चंद्राशी त्याचे लग्न झाले, आणि पुढे इंदापूरच्या एका सावकाराकडून पैसे उचलून त्याने जुनी सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची गाडी, घेतली. बारामती–इंदापूर अशी ती धावायची. बाजारच्या दिवशी माझ्या पाट्या टपावर चढवायचा आणि बायांना सांगायचा, "सरका, माझी आक्का बसतीया." तीन वर्षे चांगली गेली. मग सरकारी मोटारी सुरू झाल्या, खाजगी परवाने बंद झाले. मोटार दारात उभी राहिली. व्याज उभे राहिले नाही.

तो मला म्हणायचा, मोटार दुरुस्तीला आहे. वर्षभर तेच म्हणाला.

मग एका सकाळी तो बारामतीहून पायी आला. मोटारवाला भाऊ पायी आला, तेव्हाच मला कळायला हवे होते. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. तो पाटाच्या कडेला बसला.

"आक्का, मोटार गेली."

"कुठं गेली?"

"सावकारानं वढून न्हेली. तरी फिटलं न्हाय. आबांचं घर बी गहाण हाय."

"चंद्राला ठावं हाय?"

"न्हाय. कुनालाच न्हाय. तुलाच सांगतुया."

"किती?"

त्याने आकडा सांगितला, साडेतीन हजार. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता, पाण्याकडे पाहत होता. म्हणाला, "मार मला, आक्का. पर काय तरी बोल."

मला काहीच वाटले नाही. राग आला नाही, रडू आले नाही. जुड्या बांधायच्या राहिल्या होत्या, त्या बांधल्या. मग विचारले, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. भाकरी आणि वांगे वाढले. खाली मान घालून तो सगळे जेवला. माझ्या घरी तो जेवला ते शेवटचे.

मी दोन म्हशी विकल्या. पुतळ्यांची माळ आणि पाटल्या मोडल्या. पेरूची बाग व्यापाऱ्याला आगाऊ दिली आणि एक एकर गहाण टाकला. पैसे पदरात बांधून स्वतः इंदापूरला गेले आणि सावकाराच्या हातात मोजले. आबांचे घर सुटले. मोटार मिळाली नाही.

कुंडलिक वालचंदनगरला उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर लागला. पहिला पगार झाला तशी एक तारखेला माझ्या अंगणात येऊन उभा राहिला, पायांत वहाणा तशाच. नोटा पुढे करून म्हणाला, "हे तुमचं."

मी मागे वळून पाहिले, झुंबर येऊन उभे राहिले की काय म्हणून. मागे कोणी नव्हते. तुमचं म्हणजे माझं. ज्याला मी अंगाखांद्यावर वाढवले, तो मला अहोजाहो करत होता.

"घरात तर ये," मी म्हणाले.

"न्हाय, ट्रक हुबा हाय."

तेव्हापासून दर एक तारखेला येतो. पाणी घेतो, भाकरी घेत नाही. हप्ता देतो, चांगले आहे ना विचारतो, जातो. मी ते पैसे घेतले आणि वापरले, एक एकर त्यातूनच सोडवला. उगाच मोठेपणा सांगत नाही. एकदा भावजय चंद्राबाई म्हणाली, "वन्सं, तुमी त्यांना दोन मुस्काडात दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं." खरे असेल. त्या दिवशी माझा हात उचलला गेला नाही.

आता व्यवस्था. तीन एकर जमीन व पेरूची बाग कुंडलिकची मुलगी म्हाळसा हिला देते. कुंडलिकला दिली तर तो ती देण्यातच धरील, आणि त्याला ते जन्मभर फिटणार नाही. म्हाळसा लहान आहे तोवर चंद्राबाईने पाहावे. बाग कोणाला आगाऊ देऊ नये. मी दिली ती नाइलाज म्हणून. राहते घरही म्हाळसाला. लुगडी व भांडी वाटणीच्या आधी चंद्राबाईने हवी ती उचलावीत. खुरपी व पाट्या शेजारी बानूबाई हिला, ती माझ्याबरोबर बाजाराला येते.

माझ्या देहाला अग्नी कुंडलिकने द्यावा. झुंबर यांनी मध्ये पडू नये. त्या दिवशी कुंडलिकने दिवसभर उपाशी राहू नये.

राहिले कुंडलिकचे देणे. अजून हजाराच्या वर बाकी आहे. ते मी सर्व माफ करते. त्याने किंवा त्याच्या मुलीने कोणाला काही द्यायचे नाही.

इथे दत्तोपंतांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "सरुबाई, मग मरणाची वाट कशाला पाहता? पुढच्या एक तारखेला त्याला तोंडानं सांगा. सुटेल बिचारा."

मी म्हणाले, "दत्तोपंत, मग त्याच्या म्होरल्या एक तारखंला त्यो कशाला यील?"

मग मी म्हणाले, लिहा. म्हणून त्यांनी लिहिले आहे की, ही माफी माझा जीव जाईल त्या दिवसापासून लागू होईल, त्याआधी नाही, आणि तोवर हा मजकूर कुंडलिकला कोणी सांगू नये.

वरील सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तेच आहे.

बारामती, तारीख १२ डिसेंबर १९५७, गुरुवार.

सरुबाई भ्रतार रामहरी शेलार, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. गेणू सखाराम झगडे, राहणार कन्हेरी (सही)
२. बिरू मायाप्पा कोकरे, राहणार कन्हेरी (अंगठा)

लिहिणार: दत्तोपंत, बारामती. मजकूर बाईंच्या सांगण्याप्रमाणे. मला पटला नाही, तरी एक अक्षर बदललेले नाही.