आवश्यक घटक सापडला नाही

२ जून
‘आवश्यक घटक सापडला नाही.’ कालपासून हे एकच वाक्य बघतेय. कुठला घटक, कुणी नेला, कधी नेला — काही पत्ता नाही! जुना कॉम्प्युटर मेला म्हणून नवा आणला, त्यावर भरतकामाच्या मशीनचं सॉफ्टवेअर चढवायला गेले, तर हे. मशीन ठणठणीत आहे. पण कॉम्प्युटरने सांगितल्याशिवाय एक टाका घालत नाही.

टेबलावर हॉस्पिटलच्या नर्सेसच्या गणवेशांचा ढीग. प्रत्येकीच्या खिशावर तिचं नाव भरायचंय. वीस तारखेला द्यायचेत. मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलंय, उशीर झाला तर काम समोरच्या दुकानाला. हे काम गेलं तर आपलं दुकान राहत नाही, हे मला आणि धाकट्या जावेला, दोघींनाही माहीत आहे. ती बोलत नाही, मी बोलते, एवढाच फरक.

३ जून
कंपनीच्या साइटवर गेले. ‘घटक डाउनलोड करण्यासाठी इथे क्लिक करा.’ केलं. पुढचं पान म्हणतं, आधी मुख्य सॉफ्टवेअर घाला. घालायला गेले. ते म्हणतं, घटक नाही, तो आधी डाउनलोड करा — आणि पुन्हा पहिलं पान! जाऊ म्हणाली, ताई, माझ्या फोनवरून बघू. फोनवरूनही तेच.

हे पान ज्याने बनवलंय त्याला मी एका खोलीत कोंडणार आहे. खोलीला दोन दारं ठेवीन. दोन्ही त्याच खोलीत उघडतील.

४ जून
चॅटवर मदतनीस असतो म्हणे. होता. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ मग एक लिंक. तीच! मी कळवलं की हीच लिंक माझं डोकं खातेय. ‘आपल्या संयमाबद्दल आभार.’ कसला संयम? कुणाचा? याचं नाव मी गोडबोल्या ठेवलंय. पुढे त्याला जे लिहायला घेतलं ते जावेने कीबोर्ड ओढून घेतल्यामुळे अर्धंच राहिलं.

६ जून
कंपनीला रेटिंगमध्ये पाचपैकी एक तारा दिला. मग नवऱ्याच्या फोनवरून एक. दिराच्या फोनवरून एक. शेवटी सासऱ्यांच्या नावाने खातं उघडून तिथूनही एक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, त्यांनी तोही दिला नसता.

काही वेळ फार बरं वाटलं.

८ जून
मेट्रनबाई आज समोरच्या दुकानात! ‘सहज डोकावले हो.’ तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा दारापर्यंत सोडायला आला होता, मान तिरकी करून.

जाऊ हाताने भरायला बसलीय. एका खिशाला अर्धा दिवस. तिची बोटं बघवत नाहीत. मी कुठवर गप्प बसायचं?

९ जून
गोडबोल्याला लिहिलं — तुमच्या एका ओळीच्या उत्तरांपायी दोन बायकांचं दुकान बंद पडतंय. घरी गेल्यावर घास उतरतो का घशाखाली?

उत्तर आलं नाही. झोंबलं असेल. झोंबू दे.

१० जून
दुपारी अनोळखी नंबर. गोडबोल्याच! चॅटवर मी दिलेला नंबर बघून, स्वतःच्या फोनवरून, अगदी दबक्या आवाजात. म्हणाला, “मॅडम, ते पान फिरतच राहणार. तो घटक वरच्यांनी मुद्दाम काढून टाकलाय, लोकांनी नवीन मशीन घ्यावं म्हणून.” जुन्या मशीनवर शिकलेला आता तिथे तो एकटाच उरलाय. त्याच्याजवळ फाइल आहे. द्यायची परवानगी नाही, तरी पाठवतो म्हणाला. फक्त कुणाला सांगू नका.

बरं म्हटलं. आभार मानायचं राहूनच गेलं. ‘मुद्दाम’ हा शब्द कानात बसला होता.

फाइल आली. घातली. मशीन चालू! पहिलं नाव पूर्ण होईपर्यंत जाऊ मशीनवर हात ठेवून उभी होती.

१७ जून
गणवेश गेले. मुदतीच्या आधी! मेट्रनबाईंनी एकेक खिसा उलटा करून पाहिला आणि वर्षभराचं काम आम्हालाच दिलं. येताना समोरच्याकडे बघून हात हलवला. त्याने शटरमध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

आता खूश व्हायला हवं. होत नाही. मुद्दाम! आम्ही रात्रंदिवस डोकं आपटत होतो आणि ते वर बसून नव्या मशीनच्या गिऱ्हाइकांची वाट बघत होते. अशांना सोडायचं? नाक घासायला लावीन.

१८ जून
कंपनीच्या सगळ्यात वरच्या साहेबाला तक्रार पाठवली. चार वेळा लिहिली, चौथी झकास जमली. नुसती कुरकुर नाही, पुरावा — घटक तुम्ही मुद्दाम काढलात, हे तुमच्याच माणसाने मला सांगितलंय, आणि फाइलही त्यानेच दिली, आता नाकारून दाखवा!

जाऊ म्हणाली, “काम झालं ना ताई, सोडा आता. त्याला उगाच त्रास होईल.” मी म्हटलं, नाव कुठे घातलंय? मला काय एवढीही अक्कल नाही?

पाठवल्यावर दोघींसाठी चहा केला. कितीतरी दिवसांनी चहाला चव होती.

२३ जून
साहेबाच्या कचेरीतून उत्तर आलं. तक्रारीची दखल घेतली आहे. जुनी फाइल एकाच कर्मचाऱ्याजवळ असू शकत होती. त्याला कामावरून कमी केलं आहे. सहकार्याबद्दल आभार.

जावेने वाचलं आणि मागच्या खोलीत निघून गेली.

त्याला फोन लावला. सगळं सांगून टाकणार होते. त्याने मला बोलूच दिलं नाही. “मॅडम, त्यांना कुठून कळलं कोण जाणे. तुम्हाला तर काही त्रास दिला नाही ना त्यांनी?”

नाही म्हटलं.