वर येऊ नकोस

९ जानेवारी

मेली! माझी जुनी स्लेड, बर्फावरची मोटारसायकल, आज मेली. लाकूडतोडीच्या रस्त्यावर, गावापासून लांब, भर बर्फात. आधी खडखड, मग एक मोठा आवाज, मग काहीच नाही. इंजिन जाम. हॅमिशने दोरी लावून ओढत आणली. रस्ताभर मागे वळून हसत होता.

"आर्डिथ, आता तरी सोड तिला. म्युझियमवाले घेतील."

"आधी तुला घेतील," मी म्हटलं.

घरी आल्यावर मात्र रडू आलं. ही स्लेड रॉसने घेतलेली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हँडलवरची काळी टेप अजून त्यानेच गुंडाळलेली आहे.

हॅमिश आमच्या डोंगरातल्या बचाव पथकाचा प्रमुख. म्हणाला, पथकाची नवी स्लेड घे, नाहीतर घरी बस. वर आणखी एक शेपूट जोडलं — "तुझ्या सुनेला पथकात यायचंय. तू हो म्हणालीस तर हो. तिला डोंगरावर तुझ्याइतकं जवळून कोण बघणार?"

डार्का! स्लेड हातात धरून दोन हिवाळे झाले तिला. दोन! आमच्या केरशी लग्न करून सास्कॅचेवानहून आली. तिथे इतकं सपाट की पळून गेलेलं कुत्रं तीन दिवस दिसत राहतं. केर वर उत्तरेला तेलाच्या कॅम्पवर, महिन्यातून आठवडाभर घरी. जाताना सांगून गेलाय, "आई, तिला सांभाळ." म्हणजे हो म्हणू की नाही म्हणू?

११ जानेवारी

बेकरीसमोर, पार्किंगच्या सपाट जागेत, नवी स्लेड माझ्या अंगावर. सपाट जागेत! आतून लोक कॉफीचे कप घेऊन बाहेर आले आणि टाळ्या वाजवल्या.

जुनी जड होती, रुंद होती. वळवायची तर सगळं अंग टाकून ओढावी लागायची. तीस वर्षं मी तेच केलं. ही हलकी, पुढच्या स्की जवळजवळ, नुसता हात लावला तरी कलते. मी सवयीने ओढली, आणि आलीच की अंगावर.

डार्काने उचलायला मदत केली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

बरगड्या. सूप. फोन घेतला नाही.

१९ जानेवारी

आज डार्का माझी मास्तरीण. पोर माझ्या निम्म्या वयाची.

"आर्डिथ, तुम्ही तिच्याशी कुस्ती खेळताय."

"मग काय, अंगाई म्हणू?"

"म्हणा! पण आधी हँडल बोटांनी धरा. आणि वरच्या बाजूच्या, पाय ठेवायच्या पट्टीवर एकाच पायावर उभ्या राहा. आता स्की खालच्या बाजूला वळवा."

"खालच्या? मला आडवं जायचंय, दरीत नाही."

"वळवा तर खरं. आणि रेस सोडू नका, थोडी थोडी देत राहा."

वळवली. डोळे मिटायचेच बाकी होते. आणि ती गेली — उतारावरून सरळ आडवी, एका कडेवर कलून, आरामात. जुनीवर हेच करताना मी घामाने निथळायचे. मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

डार्का म्हणजे त्या स्लेडवर जन्मल्यासारखी. झाडांतून अशी काढते की बघत राहावं. मग जेवायला थांबली. कुठे? कड्याच्या काठावर घराएवढा बर्फ लोंबकळत होता, बरोब्बर त्याच्या खाली!

"इथे ऊन छान आहे," म्हणते.

सँडविच तोंडात तसंच ठेवून हलवली तिला.

परत येताना हेच डोक्यात घोळत होतं. यंत्र जितकं सोपं, तितका माणूस लवकर नको तिथे पोचतो. आम्हाला एवढ्या उंचीवर जायला दहा हिवाळे लागले. पडलो, अडकलो, खणत बसलो, आणि तेवढ्यात डोळे तयार होत गेले. हिचे हात तयार आहेत. डोळे अजून सास्कॅचेवानमध्येच.

तर ठरलं. ती मला स्लेड शिकवणार, मी तिला बर्फ.

२ फेब्रुवारी

आज खड्डा खणायला लावला, छातीएवढा. भिंतीवर हात फिरवून थर मोजायचे. खाली एक थर साखरेसारखा सुटा. मुठीत धरला की गळून जातो.

"या साखरेवर हे सगळं उभं आहे?"

"उभं नाही. टेकलंय."

हे तिला लगेच कळलं. बरी आहे पोर. मग नियम सांगितला. उतारावर एका वेळी एकच. वरचा अडकला तर मदतीला कोणीही जायचं नाही. तो स्वतः खणून निघेल. बाकीच्यांनी कडेला झाडांआड बसायचं — इंजिन बंद, कान उघडे. म्हणजे डोंगरावरचा बर्फ सुटलाच तर उकरून काढायला कोणीतरी शिल्लक राहतं.

"आणि तो हाका मारत असला तर?"

"तरी नाही."

ती थोडा वेळ फावड्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "केर म्हणाला होता... बाबा वर गेले होते."

गेला होता. दोस्त अडकला म्हणून गेला. नियम त्यानेच मला शिकवला होता! दोन माणसांचं, दोन स्लेडचं वजन झालं आणि उतार सुटला. दोस्त जिवंत सापडला. रॉस नाही.

अकरा वर्षं मी त्याच्यावर रागावलेली आहे. मेलेल्या माणसावर रागावण्याची सोय नाही, तो उलट बोलतच नाही.

४ फेब्रुवारी

डार्काने पिरोगी आणल्या, तिच्या माहेरच्या उकडलेल्या करंज्या. आत बटाटा, चीज, वर परतलेला कांदा. किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी

 

कपाटात गेलो होतो, दोघीच. तीन बाजूंनी डोंगर, दार एकच, म्हणून आम्ही कपाट म्हणतो त्याला. डार्का आधी वर. सुरेख चढली, आणि निम्म्यावर स्लेड रुतली. पार हँडलपर्यंत. मी खाली कडेला, झाडांजवळ. सगळं नियमाप्रमाणे. तिने हात हलवला, ठीक आहे, खणते. खणायला लागली. हाकसुद्धा मारली नाही तिने!

आणि मी वर गेले.

कधी इंजिन चालू केलं तेच आठवत नाही. तिच्या डोक्यावरचा उतार दिसत होता, वाऱ्याने फुगलेला. पुढचं आठवतं ते मी तिच्या बाजूला होते ते. दोन माणसं, दोन स्लेड, तीच साखर खाली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" पांढरीफटक पडली होती ती. "उतरा! खाली जा, आर्डिथ! आत्ता!"

उतरले. काही झालं नाही. डोंगराने सोडून दिलं.

 घरी येऊन बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले. रॉस, मला वाटायचं तू मूर्ख होतास. वाटायचं, मर्दुमकी दाखवायला गेलास. तसं नसतं रे. पाय आपोआप जातात. इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात शिरलं.

१८ फेब्रुवारी

हॅमिशने विचारलं. मी म्हटलं, "नाही. तयार नाही ती."

"काय कमी आहे?"

"डोळे," म्हटलं.

खोटं बोलले. काल तिने मला न विचारता दोन उतार नाकारले. दोन्ही बरोबर.

२५ फेब्रुवारी

डार्का आली. हॅमिशकडून कळलं होतं तिला. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातच उभी.

"माझ्यात काय कमी आहे ते माझ्या तोंडावर सांगा. मी शिकेन."

मी किटली ठेवायला वळले.

"त्या दिवशी उतारावर चूक कोणी केली होती, आर्डिथ?"

तिने पिरोगीचा रिकामा डबा मागितला आणि गेली. डबा धुतलेलासुद्धा नव्हता!

केरचा फोन, उद्या घरी येतोय म्हणाला. "आई, काय झालंय तुमचं? तिकडे ती रडतेय, इकडे तू घसा खाकरतेस." सर्दी झालीय म्हटलं.

हो म्हटलं तर खरंखुरं बोलावणं आल्यावर ती वर जाणार, आणि मी खाली बसून बघणार. ते मला जमत नाही. कमी आहे ती माझ्यात. एवढं सरळ आहे, पण तोंडातून निघत नाही.

१ मार्च

पथकाचा सराव. हॅमिशने मुद्दाम आमची जोडी लावली. बीकन, बर्फाखालच्या माणसाचा पत्ता देणारं यंत्र, तपासताना डार्काने माझ्या छातीवरचा दिवा लागलेला बघितला, मान हलवली. 

पुन्हा कपाट. आधी तिने खड्डा खणला, थर बघितले. आठवडाभर थंडी, बर्फ बसलेला. "एकेक करून जाता येईल," एवढंच बोलली. मी पहिली.

नवी स्लेड आता माझं ऐकते. बोटांनी धरली, एका पायावर उभी राहिले, आडवी काढली. मजा येत होती! म्हणूनच चुकले. वर वळताना रेस जास्त दिली, खालचा फिरता पट्टा रुतला, आणि मी कमरेपर्यंत बर्फात. बरगडीत कळ.

खाली बघितलं. डार्का अगदी कडेला, जाड्या देवदारांच्या मागे. स्लेडचं तोंड दाराकडे, इंजिन बंद. मी निवडली असती तीच जागा. बसली होती.

खणायला लागले. दम लागला, थांबले. पुन्हा खणलं. बराच वेळ. ती बसूनच! मला राग यायला लागला. सासू मरतेय इथे, आणि ही सहलीला आल्यासारखी! एकदा तर ओरडलेसुद्धा, "डार्का!"

तिने फक्त हात वर केला. थांब, अशी खूण. उठली नाही.

शेवटी स्लेड सुटली. खाली आले ते चार शब्द सुनावायचेच म्हणून. हेल्मेट काढलं, तोंड उघडलं, आणि बघितलं तर तिचे गाल ओले.  मांडीवर उजव्या हाताचा ग्लोव्ह. तळव्यावरचं चामडं चावून भोक पाडलेलं. भोक!

"तुम्ही हाक मारलीत," एवढंच म्हणाली.

मी बर्फातच तिच्याजवळ बसले आणि तिला धरलं. माझ्या पायांना जमलं नाही, रॉसच्या पायांना जमलं नाही, ते या पोरीने करून दाखवलं. मग तिला सगळं सांगितलं. का नाही म्हटलं ते, खोटं बोलले ते.

तिने नाक पुसलं. "तुमच्या वाट्याच्या पिरोगी केरला खायला घातल्या मी," म्हणाली.

२ मार्च

हॅमिशला फोन. "हो. आजपासून हो."

"डोळे उघडले वाटतं?"

"हो. माझे."

मग त्याला तेही सांगितलं — ती वर असताना मला खाली ठेवू नकोस, मी वर जाईन.  तो म्हणाला, "कोण कुठे बसणार ते मी ठरवतो, आर्डिथ."

२२ मार्च

आज खरं बोलावणं आलं. वर उतारावर एक मुलगा, पाय मोडलेला. अशा जागी सगळ्यात हलक्या हाताने जाणारी आमच्यात डार्का, म्हणून हॅमिशने तिलाच पाठवलं. मला सांगितलं, झाडांआड बस. बसले. ती त्याला घेऊन खाली येईपर्यंत बसले.

उद्या गावात जाऊन माझ्यासाठी ग्लोव्ह आणायला हवेत. दोन्ही हातांचे.