काकांचा विषाणू वेगळा निघाला

मंगळवार, संध्याकाळ, उस्मानपुरा

गाल अजून जळतोय.

गेल्या महिन्यात आमच्या वडिलांना, अण्णांना, करोना झाला. शेजारच्या कचरूकाकांनीच तो गावात आणला असं सगळं गाव म्हणत होतं, म्हणून माझ्या भावानं, सुनीलनं, काठीनं त्यांचा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अडवलं का नाही मी? आठ दिवसांनी अण्णा गेले.

आज सकाळी आमच्या लॅबमध्ये काका, अण्णा आणि सुनील या तिघांच्या विषाणूंची जनुकं जुळवून झाली. काकांचा विषाणू वेगळाच निघाला. अण्णांचा आणि सुनीलचा मात्र अक्षरन् अक्षर सारखा. आधी खोकत होता तोही सुनीलच. तो हाडाचा आवाज पुन्हा कानात.

दुपारीच बसनं गावी, फुलंब्रीला गेले, घरी जाऊन सुनीलला सांगितलं. "म्हंजी अण्णाला मी मारलं म्हंतीस?" म्हणत त्यानं माझ्या कानशिलात भडकावली. मग स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटत राहिला, रक्त येईपर्यंत. या वेळी मी त्याला धरलं.

नंतर काकांकडं गेले. रडत रडत सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगतीस? मला ठावंच व्हतं," ते म्हणाले. "गावाला सांग."

पारावर सगळे बसले होते. त्यांच्यासमोरून मी मान खाली घालून गेले आणि बस गाठली.