दरवर्षीचे चार दिवस

दि. ९ एप्रिल, रविवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. हिचे गुडघे दुखतात, माझी पाठ दुखते, आणि पंख्याचंही काहीतरी दुखत असणार, कारण तो दिवसभर कण्हतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं भाचीनं फोनवर सांगितलं. महिनाभर शिवणाला हात लावायचा नाही म्हणे. म्हणजे तू लावला असशीलच. हे पत्र मात्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा मिळाला की स्वतः वाच.

कारखाना सोडल्यानंतरची तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत एकच प्रश्न. "मालक म्हणतात, माझी सलग पाच वर्षंसुद्धा भरत नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी बसत नाही. एकोणीस वर्षं मी तिथे काय झोपा काढत होते? तू ऑफिसात आहेस, जरा बघ." मी 'बघतो' म्हणालो आणि दोन महिने टाळाटाळ केली.

कारखान्यात सध्या धावपळ आहे. गुरुवारी कामगार खात्याचे निरीक्षक यायचेत. किमान वेतनाचा फलक इतकी वर्षं कपाटामागे होता, तो पुसून दारात टांगलाय. सगळ्यांच्या पगारातून कापलेला कर आणि फंड मी वेळच्या वेळी सरकारात भरतो, एका दिवसाचाही उशीर नाही. मागच्या खेपेला निरीक्षक म्हणाले, "असा कारकून सगळ्यांना मिळो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता सांगतोच. आढेवेढे घ्यायचाही कंटाळा आलाय.

मार्च संपत आला की मालक माझ्या टेबलापाशी येऊन नुसते खाकरायचे. मग मी हजेरीच्या रजिस्टरात शिलाईच्या सगळ्या बायकांच्या नावांपुढे 'काम सोडले' असं लिहायचो, आणि चार दिवसांनी 'नव्याने रुजू'. म्हणजे कुणाचीच नोकरी सलग होत नाही. ते चार दिवस तुम्ही मशीनवरच असायचात. त्यांची मजुरी मालक रोख द्यायचे, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. तू मधल्या सुट्टीत माझा डबा घेऊन आलीस की मी रजिस्टर मिटायचो.

ताई, तू लागल्यावर तीन वर्षांनी ही नोकरी मला तूच लावून दिलीस. मालकांसमोर उभी राहून म्हणालीस, "माझ्या भावाचं अक्षर तर बघा." त्याच अक्षरात मी तुला सोळा वेळा कामावरून काढलं. मला नोकरी जायची भीती होती. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

गेल्या आठवड्यात प्रथमोपचाराची वही चाळत होतो. तुझ्या बोटात सुई आरपार गेली होती ते आठवतं? मी औषध लावत होतो आणि तू हसत होतीस. "लिही बाबा वहीत, तेवढंच माझं नाव तुझ्या सुंदर अक्षरात येईल." ते मी लिहिलं होतं. तारीख तीस मार्च, मशीन नंबर सात. रजिस्टरात त्या दिवशी तू कामावरच नाहीस. आणखी शोधलं, तर वेगवेगळ्या वर्षांतल्या त्याच चार दिवसांत जखमा झालेल्या अजून पाच जणी निघाल्या. दोन्ही वह्या माझ्याच हातच्या.

गुरुवारी ती वही आणि माझा लेखी जबाब मी निरीक्षकांच्या हातात देणार आहे. शुक्रवारी मालकांना कळेल, शनिवारी मी घरी. हिला सांगितलं. ती म्हणाली, "आधी ताईंना कळवा."

ग्रॅच्युइटीचा अर्ज लिहून सोबत पाठवलाय, फक्त तुझी सही हवी. त्याला हे पत्र जोड. राग आला की तू कागद फाडतेस. लहानपणी माझं प्रगतिपुस्तकसुद्धा फाडलं होतंस. हा कागद फाडू नकोस. माफी मागत नाही. ती द्यायची की नाही हे तू पैसे हातात पडल्यावर ठरव.

दरवेळी शेवटी नुसतं 'छोट्या' लिहितो. आज तेवढ्यावर भागणार नाही. रजिस्टरात करतो तीच सही खाली केली आहे, ताडून बघता यावी म्हणून.

तुझा छोट्या,
(सही)
हजेरी कारकून, शिलाई विभाग