मावशीचा निळा कोट

९ ऑक्टोबर, बुधवार
ग्लाफिरामावशी गेल्यापासून दुकानातल्या शिवणाच्या मशीनला हात लावलेला नाही. चादर घालून ठेवलं आहे. लोकांनी शिवायला टाकलेले कपडे परत नेले. नेऊ देत! इटलीच्या बसमध्ये जागा धरली आहे, वीस तारखेची. पादुआत एका म्हातारीची देखभाल. गावातल्या निम्म्या बायका तेच करतात, मी काय वेगळी?

१२ ऑक्टोबर, शनिवार
मावशीचा चाळिसावा दिवस झाला. मृतांसाठी करतात तो गव्हाचा गोड कोलिवा मीच केला — गहू अंमळ जास्त शिजले, पण वर साखरेचा क्रूस नीट उमटला. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं.

मग दान. तिचे कपडे पांढऱ्या टॉवेलात बांधून, वर पाव आणि पेटती मेणबत्ती ठेवून, एकेकीच्या हातात द्यायचे. शेजारच्या आग्रिपीनाकाकूंना तपकिरी कोट द्यायचा ठरला होता. घरी येऊन कपाट उघडते तो तपकिरी तिथेच! घाईत मी निळा बांधला.

निळा तिने स्वतः शिवलेला, चर्चला जायचा. कॉलरला अजून तिचा वास होता.

१३ ऑक्टोबर, रविवार
परत मागू? "दिलेलं दान मागून घेतलं की मेलेल्याला तिकडे थंडी वाजते" — हे मावशीच सांगायची.

चर्चमध्ये काकू तोच घालून पुढे उभ्या. पाठमोऱ्या पाहिल्या आणि क्षणभर — नाही. या बुटक्या. कोट टाचेपर्यंत.

१५ ऑक्टोबर
तिचा वास हवा. बाकी काही नको.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
काकू दारात, हातावर कोट. "सावेता, आखूड करून दे गं. रस्ता झाडत चालते म्हणतात मला."

"शिवण सोडलं मी, काकू."

"आणि इटलीत जाऊन म्हातारीचे पाय चेपणार? इथे एक उभी आहे की!"

कोट टेबलावर टाकून गेल्या. मी कॉलरमध्ये तोंड खुपसलं. आता तिथे कांद्याचा वास, काकूंचा. खूप रडले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
चादर काढली. मशीनला तेल घातलं. कोटाचं अस्तर खालून उसवलं, तर आत काठाला माझे टाके!

नऊ वर्षांची होते. तेवढी एक शिवण मावशीने मला घालू दिली होती. एक टाका बोटभर, एक मुंगीएवढा. "उद्या उसवून नीट घालते," म्हणाली होती. मला खरंच वाटलं होतं. गावातली सगळ्यात चोख शिंपीण, आणि सव्वीस वर्षं हेच टाके घालून चर्चला गेली.

शिकवलंस म्हणून कधी आभार मानले नव्हते. आज मानले, मोठ्याने, रिकाम्या दुकानात.

१९ ऑक्टोबर, शनिवार
काठ कापला नाही. टाक्यांसकट आत दुमडून शिवला. काकू कोट घालून गेल्या, आता नीट बसतो.

बसवाल्याला फोन केला — माझी जागा दुसऱ्या कुणाला दे.