मानस रडला नाही

इंदूर, १२ मे

प्रिय प्राची,

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोलतो तरी पत्र कसलं, असं तुला वाटेल. पण फोन लागला की मानस माझ्या मांडीवर चढून बसतो आणि मग आपल्या दोघींचं काही बोलणंच होत नाही. आता तो खाली देवयानीकाकूंकडे गेलाय. त्यांचे कुंडीतले मोगरे तोडतोय, काकू ओरडतायत, ते वर ऐकू येतंय. माझी ट्यूशनची मुलं पाचला येतील. तेवढ्यात लिहून काढते.

शाळेची तयारी जोरात आहे गं. डबा त्याचा तो उघडतो आता. पहिले दोन-तीन दिवस नुसता वैताग. "मावशी, हे ढक्कन खुलतच नाही ना यार!" हे 'यार' माझ्या दहावीच्या मुलांकडून आलंय. बूट चिकटपट्टीचे घेतले, लेसचा ताप नको म्हणून. ते तो घालतो, बहुतेक वेळा उलटेच, आणि चालताना बदकासारखा दिसतो. सुसू लागली तर मॅमला हिंदीत कसं सांगायचं, तेही झालं. काल मात्र देवयानीकाकूंकडे आलेल्या गॅसवाल्यालाच त्याने "मैम, सुसू आई" म्हणून सांगितलं. बिचारा म्हणाला, "अरे भिया, मुझे क्यों बता रहा है!"

त्याचं हे सगळं करताना मला सारखी तू आठवतेस. तू बालवाडीत जायला लागलीस तेव्हा आईचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाबा सकाळच्या बसने सांवेरला शाळेत शिकवायला जायचे. म्हणून तुला सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी अकराची. तुझ्या दोन वेण्या मीच घातल्या होत्या, एक वर, एक खाली. रामबागेतल्या त्या बालवाडीच्या दारात तू माझा फ्रॉक असा धरलास की शिवण उसवली. बेबीताई बाहेर आल्या, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चल गं, तूपण बस मागे." मग कितीतरी दिवस मी त्या बुटक्या पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. तुझ्याबरोबर माळेत मणी ओवले, खाऊच्या वेळी माझ्या हातावरही चिमूटभर फुटाणे पडायचे. तू दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचीस, मी आहे ना म्हणून. आणि मग एका सकाळी वळलीच नाहीस. शेजारच्या मुलीशी काहीतरी खुसुखुसू हसत होतीस. बेबीताईंनी मला खुणेने जा म्हटलं. मी घरी येऊन आईच्या उशाशी बसून ढसाढसा रडले. आईला हसताना टाके दुखत होते, तरी हसत म्हणाली, "शाळेत ती गेली की तू?"

आई शेवटपर्यंत ही गोष्ट सांगायची. परेशलासुद्धा सांगितली होती, तुमच्या साखरपुड्यात. तो तुला नंतर किती दिवस 'फ्रॉकवाली' म्हणायचा. आठवतं? पीथमपूरहून कंपनीची ड्यूटी संपवून यायचा तेव्हा जिन्यातूनच हाक. बेटम्याच्या रस्त्यावर अपघातात तो गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. मानस तेव्हा धड बोलतही नव्हता. तुला पुण्याची नोकरी घ्यावीच लागली, त्याला माझ्याकडे ठेवावंच लागलं. त्यात दुसरं काही करता आलं असतं असं मला आजही वाटत नाही.

आता गेल्या शनिवारचं सांगते. शाळेने नव्या मुलांना आईवडिलांसकट बोलावलं होतं. थोडा वेळ मुलांनी वर्गात राहायचं, मोठ्यांनी बाहेर थांबायचं, म्हणजे सवय होईल. शिवांगी मॅम म्हणून आहेत, तरुण आहेत, पण समजूतदार. त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, "प्लीज, चुपके से मत निकलिए. बच्चे को बोलकर जाइए, और जब बोला है तब आइए." मग एकच गोंधळ. खुशी नावाची एक मुलगी आईचा दुपट्टा सोडेचना. एका मुलाने दारातच लोटांगण घातलं. सगळा कॉरिडॉर रडत होता. मानस रडला नाही. मी म्हटलं, "मी बाहेर बाकावर आहे, थोड्या वेळाने येते." त्याने मान हलवली, दप्तर काढून शेजारी ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिला. मॅम मला म्हणाल्या, "बहुत समझदार बच्चा है आपका." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! 'आपका' ऐकून तर जरा जास्तच.

वर्ग सुटला, मी दारात गेले. बाकीची मुलं धावत सुटली. हा जागेवरून उठेना. माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू आली? मला लागलं, तूपण पुण्याला गेली." 'वाटलं' म्हणायचं तिथे आपल्या इंदुरी मराठीत 'लागलं' म्हणाला, आणि मला ते खरोखर लागलं. रिक्षात बसल्यावर विचारतो, "मग तू फोनमध्ये नाही जाणार?"

प्राची, तो शहाणा म्हणून गप्प नव्हता गं. आपण झोपेतून उठायच्या आत माणसं निघून जातात आणि मग फोनमध्ये दिसतात, एवढंच त्याला ठाऊक आहे. तू पहाटेच्या बसने निघायचीस, त्याचा पापा घेऊन, तो झोपेत असताना. तेव्हा आपल्याला दोघींनाही तेच बरं वाटलं होतं. त्यामुळे रडून उपयोग नसतो, हे पोराने आपलं आपण ठरवून टाकलंय. त्या दिवसापासून मी दूध आणायला निघाले तरी त्याला सांगून जाते आणि आल्यावर म्हणते, "बघ, आले." तो दारात उभा असतो. कालपासून मी निघाले की थोडं भोकाड पसरायला लागलाय. देवयानीकाकूंना वाटतं बिघडला. मला फार बरं वाटलं.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "ताई, त्याला इंदूरलाच शाळेत घाल, पालक म्हणून तुझंच नाव लिही, तो तुझाच होऊन राहू दे. माझ्याने एकटीने नाही होणार." मी कुकर लागलाय म्हणून फोन ठेवला. कुकर लागला नव्हता. मला ते इतकं हवंसं वाटलं की घरभर नुसती फिरत राहिले. या घरात आईबाबांनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघतंय. तरीही मी नाही म्हणतेय, आणि तेच सांगायला हे पत्र. तुझी आता दिवसाची ड्यूटी आहे, खोली आहे, खोलीजवळ शाळाही आहे. तिथे चौकशी कर आणि त्याला घेऊन जा. मी सोबत येईन, सुरुवातीचे काही दिवस राहीन, तुझा हात बसेपर्यंत. पण शाळेच्या दारात तू उभं राहायचंस. तो तिथे खूप रडेल, कदाचित माझ्या नावाने रडेल. रडू दे. तू सांगितलेल्या वेळेला ये, म्हणजे झालं. तुझ्याने होईल, मी तुला ओळखते. तिकीट काढलंस की कळव, मगच मी त्याला सांगेन की आई न्यायला येतेय. त्याच्या आधी मी त्याला काही सांगणार नाही.

तुझीच, आणि त्याचीही,
वसुधाताई