तिसऱ्या फोटोची जागा

६ जानेवारी

नवं टेम्प्लेट चढवलं एकदाचं. सकाळी भांड्यांचं दुकान उघडायच्या आधी दोन तास, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा अजून एक. सहा वर्षं ब्लॉग एकाच अवतारात होता, अक्षरं मुंगीएवढी. आता कसं, आंदणाचं पान वेगळं, बारशाचं वेगळं, स्मरणार्थ वेगळं. एका ओळीत तीन भांड्यांचे फोटो, खाली नाव. स्मरणार्थच्या पानाला काळी चौकट मी स्वतः दिली. कोड शोधून, चिकटवून. जमलं!

महानंदाला दाखवलं. म्हणली, "दिसतंय बरं. पर भांडी घासून तरी फोटू काढायचे."

मोडीत आलेल्या भांड्यावरचं नाव वितळून जायच्या आधी टिपून ठेवायचं, एवढाच माझा नाद. ३८६ नावं झाली. बायकोनं पहिल्यांदा कौतुक केलं, तेबी असं.

९ जानेवारी

संक्रांतीच्या वाणाची गर्दी. वाट्यांवर नावं टाकून टाकून बोटं बधिर. सिरसाळ्यातल्या समद्या बायांना एकाच आठवड्यात वाण लुटायचं आठवतं.

आमच्या गल्लीतल्या सरूबाईंची सून आली. वाट्या न्हाई घेतल्या, सरळ विचारलं, "अप्पा, आमच्या आत्याबाई मेल्या का हो?"

"न्हाई की! कोण म्हणलं?"

"तुमचाच ब्लॉग म्हणतोय. काळ्या चौकटीत लावल्यात कावून?"

बघितलं तर खरंच. स्मरणार्थच्या पानावर शेवटच्या ओळीत तिसरा फोटो सरूबाईंच्या आंदणाच्या कळशीचा. लेबल तपासलं, आंदण असंच हाय. मग इथं आली कशी? हात जोडले. सून हसली. म्हणली, मेल्याची खोटी खबर आली की आयुष्य वाढतं, म्हातारी नाचंल. घरची समदी ते पान ज्याला त्याला फोनवर दाखवीत बसल्यात म्हणं.

१२ जानेवारी

सरूबाई गेल्या. पहाटे, झोपेत. मातीला गेलतो. नव्वदीच्या पुढं होत्या, पिकलं पानच. तरी सून माझ्याकडं बघून बाजूला सरकली.

घरी येऊन कळशीचं लेबल बदललं. आता ती रीतसर स्मरणार्थ.

१५ जानेवारी

मोडीत दोन तांबे आले, दोन्हीवर कै. घालून नावं. सुंदर, हातानं टोचलेली. फोटो काढून टाकले. टाकल्यावर पान बघितलं तर दोन तांब्यांच्या शेजारी तिसरा फोटो कदम गुरुजींच्या डब्याचा. गुरुजी चांगले खणखणीत, सायकलवर हिंडतात.

फोन करावा म्हणतो तर त्यांचाच आला. "काय मन्मथअप्पा, मला अगोदरच पोचवलं व्हय?" खो खो हसत होते. पारावर समद्यांना दाखवलं म्हणले. मी दोनदा काढायचा प्रयत्न केला. निघंना.

१७ जानेवारी

महानंदाच्या पोटात पुन्हा कळ. अंबाजोगाईला नेलं. पित्ताच्या पिशवीत खडे. ऑपरेशन १२ फेब्रु. "साधं असतं," डॉक्टर म्हणले.  

२१ जानेवारी

गुरुजी गेले. तेलगावच्या स्टँडवर, चहा पीत बसल्या जागी. कपसुद्धा पडला न्हाई म्हणं हातातून.



२२ जानेवारी

पल्लवीला फोन. भाची हाय माझी, पुण्यात कंपनीत असती, तिला हे समदं कळतं. कोड बघून म्हणली, "मामा, हे टेम्प्लेट ओळ अपुरी ठेवतच न्हाई. दोनच फोटो असले की तिसरा दुसऱ्या पानावरून उचलून आणून जागा भरतं. बिघाड न्हाई, सोय हाय ती."

"कुणाचा उचलतं?"

"कुणाचा का असंना. कावून, काय झालं?"

सांगितलं. हसली आधी. मग म्हणली, योगायोग हाय, मनाला लावून घेऊ नका.

गुरुजींच्या डब्याचं लेबल बदललं. ओळ भरली. आता जागाच न्हाई, तर येणार कोण? ठरवलंय, स्मरणार्थवर एकबी नवीन नाव टाकायचं न्हाई. पान हाय तसं राहू दे.

२७ जानेवारी

मोडीला परात आली. उलटी करून बघितली तर नावाच्या जागी पांढरा पट्टा. कानशीनं घासलेलं. दुपारी घागर, तीबी तशीच. तिसऱ्या बाईला विचारलं, "नाव कावून घासलं हो?"

खाली बघत म्हणली, "आसू द्या, अप्पा. लेकराबाळांचं घर हाय."

एवढी वर्षं ह्याच बाया कौतुकानं नावं वाचून दाखवायच्या मला. घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. खरखरीत लागली.

३ फेब्रुवारी

नांदूरघाटहून मेल. "आमच्या आजोबांच्या नावाचा तांब्या तुमच्या ब्लॉगवर आहे. तो घरातून चोरीला गेला होता. फोटो काढून टाकावा." त्यांचं बरोबर हाय. नाव त्यांचं, माणूस त्यांचा. पर तो काढला की शेवटची ओळ अपुरी होणार. तासभर बसून राहिलो. लोकाचं नाव अडवून ठेवणारा मी कोण?

काढला.

पान पुन्हा उघडलं. तिसऱ्या जागी आमच्या घरातली चरवी, मीच हौसेनं आंदणाच्या पानावर टाकलेली. चि. सौ. कां. महानंदा हिला मामाकडून. काळी चौकट.

४ फेब्रुवारी

दिवसभर दुकानात ध्यान न्हाई. चरवीचं पानच उडवलं, तर तिथं रिकामी काळी चौकट राहिली अन् खाली नुसतं महानंदा. ते तर बघवंना. पान परत आणलं. ओळीत तीनाऐवजी दोन फोटो केले, दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन दिसतात, फोनवर तीनच. जागा भरणारा कोड कापला तर समदा ब्लॉग पांढरा फट्ट, एक नाव दिसंना.  कॉपी होती म्हणून वाचलो. जुन्या टेम्प्लेटची कॉपी मात्र ठेवलीच नव्हती. शहाणा!

ब्लॉगच उडवावा का? त्यातली निम्मी नावं आता दुसरीकडं कुठंच न्हाईत. भांडी वितळली, माणसं गेली. मी उडवली तर ती दुसऱ्यांदा जाणार.

अंबाजोगाईच्या ऑपरेशनला आठ दिवस राहिले.

५ फेब्रुवारी

तिला कळलंच. शेजारणीनं दाखवलं.

"आवं, मला कुठं नेऊन लावलंय?" हसत होती, कुशीवर हात दाबून. "बरं हाय की. सवाष्ण जाईन. काळी चौकट शोभती मला."

मी ओरडलो. लई ओरडलो. किती वर्षांत आवाज चढवला नव्हता मी. ती हळूच म्हणली, "भ्यालात व्हय?"

व्हय. भ्यालोय. इथं लिवतो, तिला बोललो न्हाई.

६ फेब्रुवारी

एक कै. चं भांडं पायजे, बास. खरं मेलेल्याचं नाव. ते टाकलं की ओळ भरती अन् हिची चरवी जाती. दुकानातला मोडीचा ढीग उपसला. माझ्याकडची समदी नावं आधीच ब्लॉगवर. बाकीची घासलेली. तेलगावला गेलो, तिथला मोडवाला म्हणला, परवाच गाडी भरून गेली. नावं? हल्ली घासूनच येतात, अप्पा, तुमच्या गावची हवा लागली.

७ फेब्रुवारी

सकाळी एक जण आला, ताटांवर नाव टाकायचं म्हणला, एक्कावन्न नग.  वर्षश्राद्धाला वाटतात तसली ताटं होती.

"कुणाच्या नावानं?" विचारताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नातू झाला, अप्पा! बारसं हाय."

तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "काय झालं? पोरगं झालं तर तोंड कावून पाडलं तुमी?"

मी कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसलो होतो. दुकानाच्या गादीवर, कपाळाला इभूत लावून. थू माझ्या जिनगानीवर. त्याची ताटं घेतली, पेढा घेतला, खाल्ला न्हाई.

८ फेब्रुवारी

पल्लवीनं सुट्टीचा दिवस घालवला माझ्यापायी. म्हणली, "मामा, कळलं. कुणाचाबी उचलत न्हाई ते. जे पान सगळ्यात जास्त उघडलं जातं तेच उचलतं. मामीची चरवी एकाच फोनवरून दिवसात शंभरदा उघडली जातीय. कोण बघतंय एवढं?"

मीच की.

म्हणजे सरूबाईंची कळशी घरच्यांनी समद्यांना दाखवली, गुरुजींनी पारावर दाखवलं, म्हणून ती दोघं तिथंच राहिली. अन् हिला मी बघून बघून तिथं बसवलीय.

"दोन दिवस बघू नका. जाईल आपोआप. टेम्प्लेट फुकटचं हाय, कोड लई गुंतवलाय, नवीन चढवायला मला पंधरवडा द्या."

पंधरवडा कुठून आणू? अन् ती दोघं गेली ती गेलीच की. ते काय कोडमधी लिवलेलं न्हाई. 

९ फेब्रुवारी

फोन पिठाच्या डब्यात ठेवला. अकरापातुर तग धरला. मग फोन काढून, पीठ झटकून बघितलं. एकदाच. हाय तिथंच.

१० फेब्रुवारी

मनात आलं, खोटं नाव टाकावं. कधी जन्मलाच न्हाई असला कुणीतरी. तांब्या हातात घेतला, मशीन चालू केली. गणपत लिवू का? गावात चार गणपत हायत. दत्तात्रय? किसन? कुठलंबी नाव घेतलं तरी त्या नावाचा कुणीतरी कुठंतरी जेवायला बसला असंल. मशीन बंद केली.

ज्याला विचारायची गरज न्हाई असं एकच नाव हाय.

११ फेब्रुवारी

टाकलं. साधा स्टीलचा तांब्या, दुकानातलाच. लिंगैक्य मन्मथअप्पा, सिरसाळा, यांच्या स्मरणार्थ. आमच्यात कै. न्हाई, लिंगैक्य लिवतात.  हजारो नावं टाकली असतील, स्वतःचं पहिल्यांदा. अक्षर चांगलं आलंय.

फोटो, लेबल, प्रकाशित करा. ओळ भरली. चरवी गेली, तिच्या आंदणाच्या पानावर जाऊन बसली. लई दिवसांनी पोटभर जेवलो. तिनं विचारलं, "आज काय खुशीत?" म्हणलं, उद्याचं साधंच ऑपरेशन हाय ना.

१२ फेब्रुवारी, अंबाजोगाई

झालं. बाहेर आणलं. डॉक्टरनं बाटलीत खडे दाखवले, हरभऱ्याएवढे. शुद्धीवर येऊन पहिलं काय म्हणली तर, "दुकानाचं कुलूप नीट लावलंय ना?" मी व्हरांड्यात जाऊन रडलो. एका म्हातारीनं पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं वाईट झालं.

डावा खांदा भरून आलाय. पिशव्या उचलल्या, त्याचं असंल.

१६ फेब्रुवारी

घरी आलो परवा. खांदा तसाच. तेल लावलं. पायऱ्या चढताना मधी बसावं लागलं. तिला सांगितलं न्हाई.

पल्लवी म्हणती, अजून आठ दिवस.

१९ फेब्रुवारी

महानंदानं फोन घेतला, भाचीचे फोटो बघायला म्हणून. अन् तांब्या बघितला.

ती ओरडत न्हाई कधी. आजबी ओरडली न्हाई. फोन माझ्यापुढं धरला. "हे काय हाय?"

"जागा भरायला टाकलंय. पल्लवी नवीन चढवती तवर."

"काढा."

"काढलं तर तुजी येती."

"येऊ द्या की! माझी चिरफाड झाली, खडे निघाले, मी बसलीय की समोर. तुमी खांदा कावून धरताय सारखा? मला दिसत न्हाई व्हय? पायऱ्यांवर बसता ते?"

म्हणलं काढतो. बोट लेबलावर नेलं. गेलं न्हाई पुढं. ती बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"माझ्यासाठी मेलात व्हय तुमी?" म्हणली. "इचारलं का मला?"

२१ फेब्रुवारी

सकाळी अंघोळ करून, इभूत लावून बाहेर आलो तर ती दारातल्या उन्हात बसलेली. हात पुढं केला. "फोन द्या. लेबल कुठं बदलायचं ते मला दावा."

दावलं. न्हाई कसं म्हणणार? पाठ फिरवून बसली. एक एक बोट दाबत होती, लई वेळ. मग फोन पालथा करून माझ्या हातात दिला.

"काय केलंस?"

"करायचं ते."

"आता कुणाचं हाय तिथं?"

"बघायचं न्हाई. भाचीनं काय सांगितलंय? तुमी बघता म्हणूनच येतंय. मीबी बघणार न्हाई, तुमीबी बघायचं न्हाई. माझी शपथ हाय."

शपथ घातली म्हणल्यावर संपलं. पल्लवीचा फोन येऊन गेला, परवा नवीन टेम्प्लेट चढवते म्हणली. तोपातुर तिनंबी उघडू नये असं सांगितलं, ती बरं म्हणली, का ते विचारलं न्हाई.

२२ फेब्रुवारी

दुकानात बसलोय. फोन गल्ल्यावर, पालथा. आत महानंदा भाकरी थापतीय, डॉक्टरनं नको म्हणलं तरी. बारशाच्या ताटांवर नाव टाकायचंय, लहान लेकराचं नाव, तीनच अक्षरं. भाकरी थापायचा आवाज थांबला की मी मशीन बंद करतो अन् कान देतो. सुरू झाला की चालू करतो. मशीन बंद पडली की आतून तिची हाक येती, "हाय का हो?" मी म्हणतो, हाय. दुपारपातुर एकच ताट झालंय, तेबी अर्धं.